ओरिजिनल, डुप्लिकेट आणि क्रोमवाला

जुन्या फियाटचं इंजिन बांधून घेणं तसं सरळ काम. मिस्त्री चांगला भेटला, पैसे ठरले की गाडी सुरू होते. खरी डोकेदुखी चकचकीत सामानाची असते. बंपर, दारांची हँडलं, बाजूच्या पट्ट्या, बोनेटवरची अक्षरं, काचेभोवतीची बीडिंग. यातलं जुनं किती ठेवायचं, किती घासून-पॉलिश करून परत लावायचं आणि किती नवं डुप्लिकेट घ्यायचं, यावर घरात, गॅरेजमध्ये आणि चहाच्या टपरीवर एकमत होत नाही. माझी गाडी 1969 ची फियाट 1100, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या निमित्ताने जे कळलं ते लिहितो. अँबॅसेडर किंवा स्टँडर्डवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट, "पद्मिनीचं सामान बसतं की हो" या वाक्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. हीच गाडी पुढे काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. सांगाडा तोच, त्यामुळे दार, काच, बिजागरी यांचं बऱ्यापैकी जमतं. पण नावाची अक्षरं, जाळी, दिवे, पट्ट्या यांत वर्षागणिक फरक पडत गेला. शिवाय बाजारातलं पुष्कळ सामान टॅक्सीवरून उतरलेलं. टॅक्सीचा बंपर म्हणजे चार वेळा ठोकून सरळ केलेला बंपर. उन्हात आडवा धरून कडेनं एका डोळ्यानं पाहिलात की त्याच्या अंगावरच्या लाटा दिसतात. क्रोम झाल्यावर त्या लपत नाहीत, उलट जास्त उठून दिसतात.

डुप्लिकेट सामानाची चमक सहसा वाईट नसते. गडबड मापात असते. बाजूच्या पट्ट्यांचा एक नवा संच मी आणला होता. हातात घेतला तर खोट काढायला जागा नव्हती. दारावर धरला, तेव्हा पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही टोकं पत्र्यापासून सुटली. मागच्या पिना आणि दाराची भोकं यांची गाठ पडेना. डेंटरचा उपाय तयारच होता: "नवी भोकं पाडू, जुनी लांबीनं बुजवू." याला कधीही हो म्हणू नका. लांबी भरलेल्या भोकात मागून पाणी शिरतं, पट्टीआड गंज धरतो आणि रंगावर फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. वर खरी पट्टी पुढेमागे मिळालीच, तर ती लावायला जागा उरत नाही. मी संच परत केला.

ओतीव अक्षरांच्या नकलेत आणखी एक मेख आहे. बहुतेक नकला जुन्या अक्षराचाच साचा घेऊन ओततात. धातू निवताना थोडा आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान निघते आणि टोकाच्या पिना तेवढ्यानेच चुकतात. कडाही बोथट होतात. नवं अक्षर जुन्यावर ठेवून पाहा, लगेच कळतं. म्हणून जुनं अक्षर कितीही कळकट असलं तरी खिशात टाकूनच दुकानात जावं. दुकानदार "कंपनीचाच माल आहे साहेब" म्हणतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालायची गरज पडत नाही.

आता पॉलिश आणि क्रोम. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा: नग कशाचा आहे? चुंबक जवळ ठेवा आणि मागची बाजू थोडी खरवडा. चुंबक घट्ट चिकटला आणि नगाला तांबूस गंज असला, तर लोखंडी पत्रा. बंपर बहुधा असाच असतो. खरवडल्यावर पिवळं दिसलं तर पितळ, आणि मग तुमचं नशीब उघडलं, कारण पितळ कितीही वेळा क्रोम करून घ्या. करडं आणि हाताला जड असेल तर जस्ताचं ओतकाम, म्हणजे बाजारातलं मझाक. करडं पण हलकं असेल तर ॲल्युमिनियम. स्टेनलेस स्टीलला क्रोम लागतच नाही. पोचे मागून हळूहळू काढून बफिंग केलं की झालं. स्टेनलेसची मूळ पट्टी भंगारात देऊन नवी डुप्लिकेट घेणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर अनोडायझिंगचा थर असेल तर नुसतं पॉलिश घासून काही होत नाही. तो थर आधी उतरवावा लागतो.

सगळ्यात नाजूक मझाक. त्याच्या क्रोमवर जे बारीक फोड येतात, ती वरची घाण नसते. खालचं जस्त सडत आलेलं असतं. माझी दारांची हँडलं एका क्रोमवाल्याकडे दिली होती. त्यानं लोखंडाच्या नगांबरोबरच ती आम्लात घातली. जस्ताला आम्ल सोसत नाही. आम्लानं फोडांच्या जागी खड्डे पाडले, आणि ते घालवण्यासाठी बफवर इतकं घासलं की बोटं अडकतात ती धार गुळगुळीत झाली. हँडलं आरशासारखी चमकत होती, पण हातातून निसटायची. दोन तर इतकी पातळ झाली होती की बसवताना कानाशीच तुटली.

म्हणून क्रोमवाल्याला भाव विचारण्याआधी "कॉपर मारणार का?" हे विचारा. मझाकवर रीतसर काम म्हणजे जुना क्रोम-निकेल जपून उतरवणं, खड्डे साफ करणं, तांब्याचा थर चढवून घासणं, गरज पडल्यास पुन्हा तांबं, मग निकेल आणि सगळ्यात शेवटी क्रोम. क्रोमचा थर इतका पातळ असतो की एक मायक्रॉनही भरत नाही. झाकण्याची आणि गंज रोखण्याची सगळी कामगिरी खालच्या तांब्या-निकेलची. "डायरेक्ट निकेल-क्रोम करून देतो, परवा या" म्हणणाऱ्याकडे मझाक देऊ नका. देताना प्रत्येक नगाचा फोटो काढा आणि मागच्या बाजूला पंचानं खूण करा. पेनची खूण आम्लात टिकत नाही आणि तिथे सगळ्यांचे नग एकाच पिंपात असतात.

न वापरलेला जुना ओरिजिनल नग मिळाला तर प्रश्नच मिटला, असं वाटतं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कधी कधी कागदात गुंडाळलेलं असं काही हाती लागतंही. पण एक नवंकोरं हँडल लावलं की उरलेली तीन म्हातारी दिसू लागतात. मग ती बदलायची, मग बंपर, मग बीडिंग, आणि खिसा रिकामा होईपर्यंत हे थांबत नाही. माझं मत असं की सगळं सामान एका वयाचं दिसणं हे एकेका नगाच्या झगमगाटापेक्षा महत्त्वाचं. मूळ क्रोम थोडा मंद, पण शाबूत असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, मेण लावा आणि तसाच राहू द्या.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. त्यात हरकत आहे ती चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार करण्याला. हँडल बदललं म्हणून नोंदणी जाईल, ही धास्ती बाळगू नका. रॅलीतले परीक्षक मात्र हँडलही पाहतात.

रबराच्या बाबतीत मी ओरिजिनलचा हट्ट धरत नाही. पन्नास वर्षांचं रबर दगडासारखं झालेलं असतं. नवं घ्या, पण आधी वीतभर तुकडा आणून दार लावून पाहा. जाड निघालं तर दार दणका दिल्याशिवाय लागणार नाही. आणि हे सगळं, पट्टी, अक्षरं, हँडलं, बीडिंग, रंगाच्या आधी एकदा कोऱ्या पत्र्यावर बसवून बघा. डेंटर कुरकुर करेल, दोन दिवसांची मजुरी जास्त मागेल. ती द्या.

गाडी रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या हवेत रोज चालवायची असेल, तर मूळ बंपर पोटमाळ्यावर ठेवून स्टेनलेसचा डुप्लिकेट लावायलाही माझी हरकत नाही. फक्त तो मूळ ब्रॅकेटवर, मूळ बोल्टांनी बसला पाहिजे.