पिल्लाला अंगणाची सवय



शेतावर राखणीला किंवा दाराशी सोबतीला म्हणून आपण कुत्र्याचे पिल्लू आणतो. चार दिवस कौतुक होते. पाचव्या दिवशी ते पडवीत घाण करते आणि त्याला काठी बसते. वर म्हणायचे, “गावठी कुत्रं, त्याला काय कळणार!” हे खरे नव्हे. आपल्या फूलबागेहून झाशी रस्त्याने गेल्यास टेकनपूर लागते. तेथे 1970 सालापासून सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. विलायती जातींबरोबर आपल्या देशी मुधोळ व रामपूर जातींची कुत्रीही तेथे शिकतात. 2024 साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस मेळाव्यात याच दलाच्या रिया नावाच्या मुधोळ कुत्रीने विलायती कुत्र्यांना मागे टाकले. मग अंगणात जाऊन बसणे एवढा धडा आपल्या पिल्लाला का येऊ नये?

पहिला धडा आईच देते. जन्मल्यावर सुमारे तीन आठवडे ती पिल्लांना चाटून त्यांची शी-शू करविते व जागा स्वच्छ ठेवते. पाय फुटले की पिल्लू आपणहून निजण्याच्या जागेपासून दूर जाते. ही ओढ उपजतच असते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, आणि आणल्यावर त्याला सबंध घर मोकळे न देता एका कोपऱ्यात गोणपाटावर ठेवावे.

सारे गमक वेळ सांभाळण्यात आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांहून अधिक धरवत नाही. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर थोड्याच वेळात, खेळ थांबल्यावर, किंवा जमीन हुंगत गोल फिरू लागताच त्याला उचलून अंगणातल्या ठरलेल्या जागी न्यावे. काम झाले की तेथल्या तेथेच शाबासकी आणि पोळीचा तुकडा द्यावा. घरात परतल्यावर दिलेल्या तुकड्याचा अर्थ त्याला लागत नाही. तासापूर्वीच्या घाणीत नाक घासण्याचाही लागत नाही. माणसासमोर बसणे धोक्याचे, एवढेच ते शिकते, आणि कणगीमागे लपून बसू लागते. रात्री एकदा उठावे लागते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत ते जिवावर येते खरे, पण थोड्या आठवड्यांचाच प्रश्न असतो.

मातीच्या जमिनीत मूत मुरते. वरून सारवले तरी पिल्लाला वास येतो व ते पुन्हा तेथेच जाते. तेवढी माती खरवडून नवी भरावी, मगच सारवावे. फरशी सिरका घातलेल्या पाण्याने पुसावी. फिनेल नको, पिल्लू पाय चाटते.

जागा ठरलेली असावी हा आग्रह केवळ स्वच्छतेसाठी नाही. पिल्लाच्या पोटात बहुधा आईकडूनच गोल जंत आलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि दोन ते चार आठवड्यांत बाधक होतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेल्यास अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही शिरतात. दृष्टी जाऊ शकते. विष्ठा रोज उचलून खोल पुरली तर अंड्यांना तेवढा अवधीच मिळत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून गुरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध सुरू करावे.

कुत्र्याने वैरणीच्या गंजीवर किंवा गव्हाणीत घाण केली तर एका सूक्ष्म जंतूमुळे गाभण गाई-म्हशी गाभ टाकू शकतात. कुत्र्याला तो जंतू गुरांची वार किंवा पडलेला गर्भ कच्चा खाल्ल्याने लागतो. तेव्हा गाय व्याली की वार उकिरड्यावर टाकू नये, खोल पुरावी.