ग्रीष्मचर्या आणि नागरी वन : वारज्याच्या टेकडीच्या निमित्ताने

स्वस्थवृत्ताचा उपदेश करताना आपण वैद्य मंडळी एक वाक्य अगदी सहजपणे उच्चारतो, ते म्हणजे "रोज सकाळी फिरायला जात जा." औषधाची मात्रा, काल आणि अनुपान आपण काटेकोरपणे लिहून देतो, परंतु फिरण्याची मात्रा, काल आणि स्थान यांविषयी मात्र बहुधा मौन बाळगतो. वास्तविक व्यायाम आणि विहार हेही चिकित्सेचेच अंग आहे. जे द्रव्याला लागू, ते विहारालाही लागू, हे तत्त्व आपण ग्रंथात वाचतो, पण व्यवहारात विसरतो. प्रस्तुत लेखात शहरातील उद्याने व वने यांचा उन्हाळ्यात कसा उपयोग करावा, याचा विचार आम्ही वारजे परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. त्यास आमच्याच हातून घडलेली एक चूक कारण झाली, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

एक अनुभव

वारजे-माळवाडी भागात राहणारे ६२ वर्षांचे एक गृहस्थ स्थौल्य व प्रमेहासाठी आमच्याकडे येत असत. चैत्र संपून वैशाख लागला होता. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चालू असल्याने आम्ही त्यांना वसंतोक्त चर्या सांगितली : रूक्ष उद्वर्तन, लघू आहार, मध्वोदक आणि टेकडीवर नियमित चालणे. गृहस्थ मोठे श्रद्धाळू. नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवून, वर्तमानपत्र वाचून, ते साडेनऊच्या सुमारास टेकडीकडे निघत. रक्तदाबासाठी ते मूत्रल गोळी घेत होते. ही गोष्ट आमच्या नोंदीत होती, पण विचारात नव्हती. पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांना भोवळ आली. एका निष्पर्ण झाडाखाली ते बसले आणि उठू शकले नाहीत. दोन तरुणांनी त्यांना खाली आणून रुग्णालयात पोहोचवले. सुदैवाने दुसऱ्या दिवशी ते घरी आले. भेटीला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "वैद्यराज, आपण सांगितले तसेच केले हो." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हाला अधिक लागले.

या घटनेनंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले आणि त्याच टेकडीवर निरनिराळ्या वेळी स्वतः जाऊन पाहिले. त्यातून जे हाती आले ते पुढे देत आहोत.

ऋतू पंचांगाने की लक्षणांनी?

चरक व वाग्भट यांच्या ऋतुविभागानुसार चैत्र-वैशाख हा वसंत, तर ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म. पुण्यात मात्र सर्वाधिक तापमानाचे दिवस एप्रिल व मेच्या पूर्वार्धात, म्हणजे साधारण चैत्र-वैशाखात येतात. ज्येष्ठात वळवाच्या सरी सुरू होतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोहोचतो. आषाढ तर आपल्याकडे उघड उघड वर्षा ऋतूच आहे. म्हणजे मासगणनेने वसंत मानावा, तर प्रत्यक्षात ग्रीष्माची लक्षणे पूर्ण प्रकट झालेली असतात. सुश्रुतसंहितेत संशोधनाच्या दृष्टीने जो दुसरा विभाग दिला आहे, त्यात फाल्गुन-चैत्र हा वसंत, वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म आणि आषाढ-श्रावण हा प्रावृट् सांगितला आहे. आपल्या प्रदेशाला हा विभाग पुष्कळच जवळचा वाटतो.

तात्पर्य असे की ऋतू लक्षणांनी ओळखावा. वसंतात कफप्रकोप असल्याने व्यायाम हितकर. ग्रीष्मात आदानकालामुळे बल अत्यल्प, स्नेहांश क्षीण आणि वाताचा संचय असल्याने तोच व्यायाम अहितकर. आमची चूक नेमकी इथे झाली. नाव वसंताचे, काल ग्रीष्माचा आणि चर्या नावाला धरून! शिवाय प्रमेहचिकित्सेत सुश्रुतांनी निर्धन रुग्णाला छत्र व पादत्राणाविना शंभर योजने चालण्यास सांगितले आहे, त्याचा संस्कारही आपल्या मनावर असतो. परंतु हा उपदेश देश, काल, बल व वय यांच्या विचाराशिवाय आजच्या साठी उलटलेल्या, अनेक औषधे घेणाऱ्या रुग्णाला लावणे हा शास्त्राचा अवलंब नव्हे, विपर्यास होय.

देशविचार : जांगल भूमी आणि शहराचा जांगलभाव

जांगल, आनूप व साधारण असा त्रिविध देश आपणास परिचित आहे. जांगल देश मोकळ्या आकाशाचा, अल्प जलाचा, खदिर-धव-शमीसारख्या वृक्षांचा व वातभूयिष्ठ असतो. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, तरीही मुळा-मुठेच्या खोऱ्यामुळे हा देश मूळचा साधारण म्हणावा असा. परंतु वारज्यासारख्या उपनगराकडे आज पाहिले तर काय दिसते? नव्वदीच्या दशकापर्यंत शेती व मळ्यांचे असलेले हे गाव आता महामार्ग, उंच इमारती व सिमेंटचे रस्ते यांनी व्यापले आहे. काँक्रीट व डांबर दिवसा उष्णता शोषून घेतात आणि रात्री हळूहळू सोडतात. त्यामुळे रात्रही शीतल होत नाही. पाऊस पडतो तेवढाच पडतो, पण तो मुरत नाही. पर्जन्यमान न बदलता भूमीचा स्वभाव जांगल होत जावा, असा हा प्रकार आहे. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार सामान्य भावांच्या विकृतीचा जो विचार आला आहे, तो या संदर्भात अवश्य पुन्हा वाचावा.

या स्थितीवर उपाय वृक्षच आहेत. वृक्षाची सावली ऊन अडवते, हा एक लाभ. दुसरा असा की पाने मुळांवाटे आलेले पाणी बाष्परूपाने सोडतात आणि त्या बाष्पीभवनात भोवतालची उष्णता खर्ची पडते. म्हणूनच पत्र्याची सावली आणि वडाची सावली यांत फरक जाणवतो. ग्रीष्मात मध्याह्नी उंच, घनदाट वृक्षांनी सूर्यकिरण रोखलेल्या वनात विश्राम करावा, असे वर्णन वाग्भटांनी केले आहे, आणि चरकांनीही शीतल उपवन, जल व पुष्पे यांचे सेवन सांगितले आहे. ही वर्णने राजेरजवाड्यांच्या विलासाची म्हणून आपण सोडून देतो. आमच्या मते ती चिकित्सेची वचने आहेत.

वारज्याचे नागरी वन

वारज्याच्या टेकडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, केंद्र सरकारने पाच वर्षांत देशभरात २०० नगर वने उभारण्याची योजना जाहीर केली. त्या वेळी आदर्श म्हणून पुण्याचे वारजे वन पुढे ठेवण्यात आले. सुमारे १६.८ हेक्टर उजाड टेकडीचे वनखात्याने स्थानिक सहभागातून हिरव्या वनात रूपांतर केले. तेथे २३ वनस्पतिजाती, २९ पक्षिजाती, १५ प्रकारची फुलपाखरे, १० सरपटणारे प्राणी आणि ३ सस्तन प्राणी यांची नोंद त्या प्रसंगी सांगण्यात आली. उजाड खडकावर मनुष्याच्या श्रमाने वन उभे राहू शकते, याची ही साक्ष होय.

मरुभूमीतही असेच एक उदाहरण आहे. जोधपूर येथे मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान २००६ साली सुरू झाले. सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवरील विलायती बाभूळ काढून तेथे थरच्या वाळवंटातील स्थानिक वनस्पती लावल्या गेल्या. तेथील धडा असा की उष्ण प्रदेशातील उद्यान म्हणजे हिरवळीचा गालिचा नव्हे. त्या भूमीला जे सात्म्य, तेच तेथे टिकते. आपल्या शास्त्रातील देशसात्म्याचा विचार वनस्पतींनाही लागू पडतो तो असा.

सावलीची परीक्षा

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. सर्व हिरवाई ग्रीष्मात सावली देत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलेला गिरिपुष्प कोरड्या ऋतूत पाने गाळतो. आपले स्थानिक पळस, सालई, धावडा हेही पानगळीचेच वृक्ष. त्यामुळे श्रावणात गर्द दिसणारी टेकडी वैशाखात विरळ होते आणि तिचा खडक तापतो. आमचे रुग्ण ज्या झाडाखाली बसले, ते झाड म्हणायला झाड होते, सावली नव्हती.

याउलट कडुनिंब, करंज, वड, पिंपळ यांना वसंतात नवी पालवी फुटते आणि ऐन उन्हाळ्यात त्यांची छाया दाट असते. आंबा व चिंच यांचीही सावली उन्हाळ्यात उपयोगी पडते. नदी-नाल्याकाठी अर्जुन व उंबर बरे. म्हणून रुग्णाला "टेकडीवर जा" असे न सांगता ऋतूनुसार जागा सांगावी. हेमंत-शिशिरात टेकडी, ग्रीष्मात मात्र जुन्या वृक्षांची सपाट बाग किंवा नदीकाठची राई.

काही जण वृक्षाच्या वीर्याचा त्याच्या छायेशी संबंध जोडतात. करंज उष्णवीर्य म्हणून त्याची सावली उष्ण, असे सांगतात. हा तर्क आम्हाला ग्राह्य वाटत नाही. वीर्य हे सेवन केलेल्या द्रव्याचे असते. छायेचे गुण पर्णांची दाटी, भूमीतील ओलावा व वाऱ्याचे वहन यांवर ठरतात.

ग्रीष्मातील विहाराचे नियम

आमच्या चिकित्सालयात आम्ही आता पुढील गोष्टी लेखी देतो.

१. काल : सूर्योदयापूर्वी निघावे व ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे. संध्याकाळी जमीन निवल्यानंतर जावे. सूर्यास्तानंतर लगेच खडक व रस्ते तापलेलेच असतात.

२. मात्रा : व्यायाम अर्धशक्तीचाही कमी. कपाळ व काखेत घाम येऊ लागताच, किंवा तोंडाला कोरड पडताच थांबावे. ग्रीष्मात टेकडी चढण्याऐवजी सपाटीवर चालणे व बसणे पुरेसे. केवळ बसणे हाही विहारच आहे.

३. आहार व जल : उपाशीपोटी लांब चालू नये. सोबत माठातील, वाळा घातलेले पाणी न्यावे. परतल्यावर सातूच्या पिठाचे साखर घालून केलेले मंथ, किंवा पित्तप्रकृतीस षडंगोदक द्यावे. ग्रीष्मात लवण-अम्ल वर्ज्य असले तरी ज्याचा घाम मोठ्या प्रमाणात गेला आहे, त्यास साखर-मिठाचे पाणी अथवा पन्हे देणे युक्त. घामावाटे गेलेले भरून काढणे हे येथे प्रयोजन आहे. रक्तदाब, हृद्रोग व वृक्कविकार असलेल्यांनी मात्र मीठ विचारूनच घ्यावे, आणि प्रमेही रुग्णास साखरेचे मंथ वा पन्हे सर्रास सांगू नये.

४. प्रश्न : मूत्रल औषधे, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय उन्हाळ्यात चालण्याचा सल्ला देऊ नये. ही औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. ती देणाऱ्या वैद्यकाशी बोलण्यास सांगावे.

५. दिवास्वाप : ग्रीष्मात रात्री लहान असल्याने दिवसा अल्प निद्रा विहित आहे. पहाटे उठून चालणाऱ्यांनी ती अवश्य घ्यावी. स्थूल व कफप्रधान व्यक्तींनी मात्र टाळावी.

६. आत्ययिक अवस्था : अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, शुद्ध हरपत चाललेली, अशी लक्षणे दिसताच तो उष्माघात समजावा. रुग्णास सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व त्वरित रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्यास तोंडाने काहीही देऊ नये, औषधही नाही.

ज्यांना सावलीची सर्वाधिक गरज आहे

शेवटी एक सामाजिक मुद्दा. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने अंत झाला. ते कोणी वाळवंटातून चाललेले प्रवासी नव्हते. एका शहरातील मैदानात ते बसलेले होते. सावलीचा अभाव प्राणघातक ठरू शकतो, याहून अधिक काय सांगावे?

शहरातील अनेक सार्वजनिक उद्याने दुपारी बंद असतात. सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची त्यामुळे गैरसोय होत नाही. परंतु महामार्गालगत काम करणारे मजूर, भाजीवाल्या, रिक्षाचालक, घरोघरी सामान पोहोचवणारी मुले यांना सावली हवी असते ती नेमकी १२ ते ४ या वेळात. मध्याह्नी वनात विश्राम करावा, हे वचन ज्यांना सर्वाधिक लागू आहे त्यांच्यासमोर दार बंद असते. वैशाख-ज्येष्ठापुरती तरी उद्याने दुपारी उघडी ठेवावीत, तेथे पाण्याचे माठ असावेत, अशी विनंती आपल्या संघटनेच्या शाखांनी आपापल्या प्रभागात करावी, असे आम्ही सुचवतो. तसेच प्रत्येक वैद्याने येत्या पावसाळ्यात आपल्या चिकित्सालयाजवळ, जेथे पाणी घालणे शक्य आहे अशा जागी, ग्रीष्मात छाया देणारा एक तरी वृक्ष लावावा व तीन उन्हाळे त्याची जोपासना करावी.

आमचे ते रुग्ण आता बरे आहेत. उन्हाळ्यात ते टेकडीवर जात नाहीत; पहाटे घराजवळच्या बागेत कडुनिंबाखाली अर्धा तास चालतात व अर्धा तास बसतात. दसऱ्यानंतर पुन्हा टेकडी चढतात. मागील हेमंतात त्यांनी आम्हालाही सोबत नेले आणि ते निष्पर्ण झाड दाखवले. पावसाने त्याला भरपूर पाने आली होती. "तेव्हा याला पाने नव्हती," ते हसून म्हणाले, "आणि मला अक्कल नव्हती." आम्ही त्यांना म्हणालो, की अक्कल कमी पडली ती आमची.

इत्यलम्.