‘जीनियस’ आणि ‘प्रतिभा’ : दोन शब्दांचा विचार



शाळाभेटीच्या वेळी ‘हा मुलगा जीनियस आहे’ आणि ‘तो अगदीच ढ आहे’ ही दोन वाक्ये कानांवर वारंवार पडतात. त्यांतील पहिल्या शब्दाचे मूळ पाहिल्यास दुसरा शब्द उच्चारताना आपली जीभ अडखळावी, असे मला वाटते.

‘जीनियस’ हा शब्द लॅटिन होय. ‘जन्म देणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून संस्कृतातील ‘जन्’ हा धातू त्याचा सगोत्र आहे. प्राचीन रोमन लोकांच्या समजुतीप्रमाणे प्रत्येक पुरुषाबरोबर त्याची रक्षक देवता जन्मास येई. तिला ते जीनियस म्हणत, स्त्रीच्या देवतेस जूनो म्हणत, आणि जन्मदिवशी तिची पूजा करीत. म्हणजे मूळ अर्थाने जीनियस विरळा नव्हता. तो प्रत्येकापाशी होता. ‘असामान्य निर्मितिशक्तीची व्यक्ती’ हा अर्थ युरोपात मुख्यतः अठराव्या शतकात रूढ झाला. १८६९ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ही शक्ती आनुवंशिक असल्याचे प्रतिपादिले. पुढे ती मोजण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून चाचण्या घेऊन बुद्धिमान मुले निवडली. त्या चाळणीतून गळालेल्या विल्यम शॉक्ली व लुईस अल्वारेझ यांना पुढे अनुक्रमे १९५६ व १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडील ‘प्रतिभा’ या शब्दात ‘भा’ म्हणजे प्रकाशणे हा धातू आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे कारण सांगताना उपजत शक्ती, निपुणता आणि जाणत्याच्या शिकवणुकीने केलेला अभ्यास ही तिन्ही एकत्र मानली आहेत. पहिली आपल्या हाती नाही. उरलेल्या दोहोंसाठीच शाळा आहे.

मी शिक्षक असताना एका मुलाच्या प्रगतिपत्रकावर ‘मंद’ असा शेरा लिहिला होता. त्याला फळ्यावरील अक्षर दिसत नव्हते, हे मला वर्ष सरल्यावर कळले. तो शेरा मला पुसता आला नाही.

म्हणून विनंती अशी की, शेरा मुलावर नव्हे, त्याच्या कामावर लिहावा. ‘वजाबाकीत हातचा विसरतो; तोंडी हिशेब बिनचूक’ असे लिहिल्यास उद्या काय शिकवावयाचे, हे आपणासच उमगेल.