कॅमेऱ्यातली रंगसफेदी आणि तिचे बटण

आपल्या कोल्हापूरला कॅमेरा नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी येथेच सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला. त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट निघाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. तो कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. दांडा थांबला की चित्र थांबले. कॅमेरा काय करतो आहे, हे चालवणाऱ्याच्या हाताला कळत असे.

आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. मात्र तो पुष्कळ गोष्टी आपल्याला न विचारता करतो. तुम्ही मुलाला व्हिडिओ कॉल लावता. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही तर दहा वर्षांनी लहान दिसता की!” बाबा खूश होतात. पण ही करामत बाबांची नव्हे, फोनची. फोन सुरकुत्या पुसतो, चेहरा उजळ करतो. पाठीमागची भिंत आणि दोरीवरची धोतरे धूसर करतो. याला इफेक्ट म्हणतात.

हे घडते कसे? पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणा. विहिरीचे पाणी आधी मुख्य पाटात येते, मग एकेका वाफ्यात जाते. फोनमध्ये कॅमेरा ही विहीर. व्हॉट्सॲप, झूम ही ॲपे म्हणजे वाफे. मधला पाट म्हणजे फोनची मूळ यंत्रणा. पाटातच रंग कालवला, तर ज्या वाफ्याला पाणी जाईल तिथे रंगीतच जाईल. एकाच वाफ्यात रंग टाकला, तर बाकीचे वाफे स्वच्छ राहतात. व्हॉट्सॲपने २०२४ साली व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचे फिल्टर दिले. तो झाला वाफ्यातला रंग. तो व्हॉट्सॲपमध्येच बंद करायचा. पाटातला रंग मात्र फोनच्या सेटिंगमध्ये बंद करावा लागतो. पुष्कळांची फसगत येथेच होते. ते ॲपमध्ये बटण शोधत बसतात आणि बटण असते फोनमध्ये!

ते सापडते कोठे? सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत सेटिंगमध्ये ‘व्हिडिओ कॉल इफेक्ट्स’ असा भाग असतो. नव्या आयफोनवर कॉल चालू असताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून बोट खाली ओढा, म्हणजे इफेक्टची बटणे दिसतात. विंडोजच्या काही नव्या संगणकांतही अशी सोय आहे. तिथले बटण दाबले की सगळ्या ॲपांचे चित्र एकदम बदलते. काही यंत्रे मात्र प्रत्येक ॲपची निवड निराळी लक्षात ठेवतात. म्हणून एका ठिकाणी बंद केले म्हणजे सगळीकडे झाले, असे धरून चालू नका. दुसऱ्या फोनांत सेटिंग उघडून वरच्या शोधाच्या जागेत ‘व्हिडिओ कॉल’ असे लिहून पाहा. नाहीच सापडले, तर घरातल्या शाळकरी पोराला विचारा. पण फोन त्याच्या हातात देऊ नका. बोट तुमचेच फिरले पाहिजे, तरच ध्यानात राहते.

आता तुम्ही म्हणाल, दिसलो थोडे गोरे तर बिघडले कुठे? घरच्या बोलण्यात काही बिघडत नाही. उलट पाठीमागचा पसारा झाकला तर बरेच. पण डॉक्टरांशी बोलताना बिघडते. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. डॉक्टर काय पाहतात? डोळे पिवळे आहेत का, जीभ पांढरी पडली आहे का, अंगावर पुरळ किती आहे. फोनने चेहरा उजळला आणि डाग पुसले, तर डॉक्टरांना दिसणार काय? कावीळ झालेला माणूसही निरोगी वाटायचा.

शेतकऱ्याचेही तसेच. उसावर तांबेरा पडला किंवा लोकरी मावा आला, म्हणून तुम्ही कृषी अधिकाऱ्यांना कॉलवर पान दाखवता. फोन माणसाचा चेहरा ओळखतो. पान त्याच्या लेखी पाठीमागच्या पसाऱ्यातलेच. तो ते धूसर करून टाकतो. साहेब म्हणतात, “पान जवळ आणा.” तुम्ही जवळ आणता, तरी धूसरच! गोळ्यांचे पाकीट दाखवताना, गाय दाखवतानाही हा घोळ होतो.

आणखी एक गंमत आहे. तिला गंमत म्हणावे की नाही, कोण जाणे. २०२३ सालापासून ॲपलच्या काही फोनांत आणि संगणकांत हाताच्या खुणेने पडद्यावर चित्रे उडतात. एक अंगठा वर केला की अंगठ्याचे चित्र येते. दोन्ही अंगठे वर केले की आतषबाजी होते. दोन बोटे दाखवली की फुगे उडतात. कोणाच्या घरी माणूस गेले आहे. तुम्ही कॉलवर सांत्वन करता आणि दोन बोटे दाखवून म्हणता, “दोन दिवसांनी येतो.” लगेच पडद्यावर रंगीत फुगे! समोरच्या माणसाला काय वाटेल? अशा वेळी ही खुणांची सोय आधी बंद केलेली बरी. तिचेही बटण इफेक्टच्या बटणांजवळच असते.

डॉक्टरांना फोन लावण्यापूर्वी एक करून पाहा. घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावा. चेहऱ्याशेजारी हे पुस्तक धरा. समोरच्याला या पानावरची मोठी अक्षरे वाचता आली, तर पाठीमागचे धूसर करण्याची करामत बंद आहे. मग गालावरचा तीळ किंवा जुना व्रण दिसतो का, ते विचारा. तोही दिसत असेल, तर डॉक्टरांना खुशाल फोन लावा.