डांबर सोडा, मुरूम धरा

मधुमेह किंवा रक्तदाब निघाला की डॉक्टर सांगतात, व्यायाम करा, जमलं तर सायकल चालवा. ती कुठे चालवायची, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मग येलदरी, जिंतूर, सेनगाव या पट्ट्यातला माणूस सायकल काढतो ती थेट डांबरी रस्त्यावर. दोन-चार दिवसांत एखादा वाळूचा टिप्पर कानाजवळून सुसाट निघून जातो, घरातली माणसं घाबरतात आणि सायकल पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकते. म्हणून या वेळचा सल्ला रस्त्याबद्दल आहे. सायकल चालवायची असेल तर डांबर सोडा. शिवरस्ते, पाणंदी, माळावरच्या गाडीवाटा, जंगलाच्या कडेने जाणाऱ्या मुरमाच्या वाटा धरा. शहरांत याला आता ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात आणि त्यासाठी लाखाच्या घरातल्या सायकली विकल्या जातात. ते नाव आणि ती किंमत आपण बाजूला ठेवू. माझा मुद्दा वैद्यकीय आहे: हृदयाला आणि स्नायूंना जेवढे श्रम हवेत तेवढे मुरमाच्या वाटेवर कमी वेगात मिळतात, आणि ज्या धोक्यामुळे माणसं सायकल सोडतात तो मोटारींचा धोका तिथे जवळपास नसतो.

श्रम आणि वेग हे एकच असतात असा आपला समज असतो. गुळगुळीत डांबरावर सपाटीला ताशी १८ किलोमीटरने जाताना जेवढा दम लागतो, जवळपास तेवढाच दम भुसभुशीत मुरमावर, थोड्या चढउतारावर १२ किलोमीटरलाच लागतो. हे आकडे ठोकताळा म्हणून घ्या; सायकल, वजन आणि वाट यांप्रमाणे ते बदलतील. कारण सोपं आहे. चाक थोडं रुततं, खड्यांवरून उसळतं, आणि प्रत्येक वेळी मोडलेला वेग मांडीच्या स्नायूंना भरून काढावा लागतो. शरीराला किलोमीटर मोजता येत नाहीत, त्याला फक्त श्रम कळतात. दुखापतीचा हिशेब मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: १८ च्या वेगात पडणाऱ्या शरीरात १२ च्या वेगापेक्षा सव्वादोन पट ऊर्जा असते. साठीच्या माणसाच्या मनगटाला आणि खुब्याला हा फरक फार मोठा आहे. म्हणजे ज्या खडबडीतपणाला आपण रस्त्याचा दोष समजतो, तोच इथे औषधाची मात्रा वाढवतो आणि पडण्याचं गांभीर्य घटवतो.

दुसरी बाजू वाहनांची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली, आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात. गावाकडचा रस्ता मोकळा म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज या एका आकड्याने दूर व्हावा. उलट मोकळ्या रस्त्यावर गाड्या जास्त वेगात असतात, कडेची पट्टी नसते, आणि संध्याकाळी दिवे न लावता उभी असलेली ट्रॉली असते. पाणंदीतही बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल भेटते, पण तिथे त्यांचाही वेग खड्ड्यांनीच बांधलेला असतो.

आता पुरावा पाहू. डेन्मार्कच्या संशोधकांनी पश्चिम युरोपातल्या १० देशांमधल्या सुमारे ७,५०० मधुमेही स्त्री-पुरुषांची माहिती तपासून २०२१ मध्ये ती प्रसिद्ध केली. सायकल चालवणाऱ्यांत, न चालवणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण किमान २४ टक्क्यांनी कमी दिसलं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष: आधी सायकल न चालवणाऱ्या आणि पाहणीच्या मधल्या पाच वर्षांत ती सुरू करणाऱ्या मधुमेहींमध्ये हे प्रमाण किमान ३५ टक्क्यांनी कमी होतं. ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अर्थात हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. जो मुळात धडधाकट आहे तोच सायकलवर बसतो, हा आक्षेप संशोधकांनी शक्य तेवढा हिशेबात घेतला, तरी तो पूर्ण पुसला जात नाही. पण शरीरक्रिया या निष्कर्षाच्या बाजूने बोलते. मांडीचे मोठे स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतात, आणि त्यानंतर साधारण दिवस-दोन दिवस ते इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच मधुमेहींनी व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये असं सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची गरज असते. रविवारी एकदाच लांब औंढ्यापर्यंत जाऊन आठ दिवस झोपून राहण्यापेक्षा गावाच्या शिवारात पाच वेळा अर्धा-पाऊण तास फिरणं औषध म्हणून कितीतरी सरस. आणि रोज जमायचं तर वाट घराजवळची आणि निर्धास्त हवी.

अशी वाट या भागात आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा इथे अडवली गेली, १९६८ मध्ये येलदरीचं धरण पूर्ण झालं, आणि खाली सिद्धेश्वरला तिच्यावर दुसरं धरण आहे. जिंतूर तालुक्याचा बराच भाग परभणीच्या काळ्याभोर सपाटीसारखा नाही. इथे टेकड्या आहेत, मुरमाड माळ आहेत, साग, पळस, खैराचं विरळ जंगल आहे. फुगवट्याच्या कडेने आणि टेकड्यांच्या पायथ्याने गुरांच्या, गाड्यांच्या जुन्या वाटा आहेत. धरणाच्या भिंतीवरून सायकल नेण्याचा हट्ट धरू नका, ती सुरक्षेची जागा आहे. कालव्याच्या भरावावर परवानगी असली तरी पाणी सुटलेलं असताना एकट्याने जाऊ नका. काळ्या मातीची वाट पावसाळ्यात सरळ वर्ज्य समजा. ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाची वाट पाऊस उघडल्यावर थोड्याच वेळात चालण्याजोगी होते.

पहिला आक्षेप नेहमीचा: आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम? कोपनहेगनमध्ये लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत (२०२१ मध्ये प्रसिद्ध) असं दिसलं, की फावल्या वेळातल्या श्रमाने हृदयविकार आणि मृत्यूचा धोका घटतो, पण पोटापाण्याच्या अतिश्रमाने तो वाढलेला आढळतो. डेन्मार्कचा हमाल आणि आपला शेतकरी एक नव्हेत, म्हणून हा निष्कर्ष मी जसाच्या तसा इथे लावणार नाही. त्यामागचं संभाव्य कारण मात्र पटण्यासारखं आहे. वाकून, ओझं उचलून, तासन् तास विश्रांतीविना केलेल्या कामात रक्तदाब दिवसभर चढा राहतो, आणि दम वाढवणारा सलग लयीचा श्रम त्यात थोडाच असतो. शिवाय नांगरट ट्रॅक्टरने आणि सोयाबीनची मळणी यंत्राने होऊ लागल्यावर राबणं वर्षातल्या काही आठवड्यांपुरतं उरलं. खुरपणीच्या हंगामात जी बाई उन्हात दिवसभर वाकून असते तिला मी सायकल सांगणार नाही, विश्रांती सांगेन. पण ज्याची शेती बांधावर उभं राहून होते, त्याने हा आक्षेप घेऊ नये.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. गुडघे दुखतात म्हणून सायकल बंद करणारे पुष्कळ, पण शरीराचं बरंचसं वजन बैठकीवर पडत असल्याने चालण्यापेक्षा सायकल गुडघ्याला सोपी जाते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी कमी आढळली. दुखतं ते बहुधा बैठक खाली ठेवल्यामुळे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील एवढी बैठक उंच करा. खडबडीत वाटेचा खरा त्रास हाताला होतो. हँडल घट्ट आवळून धरलं की तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबते आणि करंगळी, अनामिका बधिर होतात. पकड सैल ठेवा, कोपर थोडे वाकवा, टायरमधली हवा जराशी कमी करा. आणि हो, सायकलने हाडं फारशी मजबूत होत नाहीत. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी सायकलच्या जोडीला चालणं आणि थोडं वजन उचलणं चालू ठेवावं.

धुळीचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुरमाची धूळ बरीचशी जाड कणांची, तर डिझेलच्या धुरातले कण अतिसूक्ष्म, फुप्फुसांत खोलवर जाणारे. २०१६ च्या एका अभ्यासातल्या हिशेबाप्रमाणे सूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलं, तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्यापेक्षा जास्त भरतो. दम्याच्या रुग्णांना मात्र जाड धूळही त्रास देते. त्यांनी ट्रॅक्टरमागे जाऊ नये आणि इनहेलर खिशात ठेवावा. आपल्या वाटांचा खास शत्रू गाजरगवत. त्याच्या परागांनी शिंका येतात, आणि काहींच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांच्या घडीत खाज सुटून कातडी जाड होते. असं झालं तर वाट बदला, मलमं बदलत बसू नका. कपाशी-सोयाबीनची फवारणी चालू असलेल्या शेताच्या कडेने तर जाऊच नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. धापा टाकणारा माणूस एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो.

साप, कुत्री, रानडुकरं, रोही यांची भीती खोटी नाही, पण ती बहुतांशी वेळेची आहे. उजाडल्यावर निघा, अंधारापूर्वी परत या, पायांत बूट घाला, जोडीने जा. स्त्रियांसाठी जोडीचं महत्त्व आणखी वेगळ्या कारणानेही आहे, ते मी वेगळं सांगायला नको. मानव विकास कार्यक्रमात शाळेसाठी मिळालेली मुलीची सायकल बारावीनंतर अनेक घरांत पडून असते. आईने ती वापरायला कोणाची हरकत नसावी. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. पाय हलवू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत घरी या. डिसेंबर-जानेवारीत उलट करा. परभणीची थंडी प्रसिद्धच आहे, आणि गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो, म्हणून ऊन अंगावर आल्यावरच निघा.

नवी सायकल घेण्याची घाई करू नका. २८ इंची जुन्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंच, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंद असतो. महागड्या ग्रॅव्हल सायकलींचे टायरही साधारण याच मापाचे. फक्त तिचे दांड्याचे ब्रेक उताराला आणि ओल्या रिमवर दगा देतात, तेव्हा तीव्र उतारावर खाली उतरून चाला. सुरुवात वीस मिनिटांनी करा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढाच दम लागू द्या. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर नाडी मोजण्यापेक्षा हीच खूण भरवशाची.

काहींनी मात्र आधी तपासणी करावी. चालताना छातीत दाटणं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ येणं असं झालं असेल तर ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला यांच्याआधी सायकलला हात लावू नका. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाने नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर खडबडीत वाटेचे धक्के आणि जोराचा श्रम टाळा. अशांसाठी मुरूम नव्हे, अंगणातलं चालणं बरं. तळपायाची संवेदना गेली असेल तर परतल्यावर बुटात खडा गेला होता का ते पाहा आणि तळवे रोज तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, साखर १०० च्या खाली असेल तर आधी काही खावं आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की तिथेच उतरून तीन चमचे ग्लुकोज घ्या आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासा. महिनाभर नियमित सायकल झाली की साखरेची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अनेकांची गोळी तेव्हा कमी करावी लागते, आणि ती आपल्या मनाने कमी करायची नसते.