मांडवात फ्लॅश, पण आयएसओ कुणाच्या हाती?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुतणीचं लग्न झालं. रात्रीचा मांडव, वर बल्बच्या माळा. मी निकॉनवर आयएसओ ऑटो ठेवून फ्लॅश लावला, तर बरेच फोटो ६४०० वर निघाले. नवरीचा चेहरा जळाला आणि मागे नुसते दाणे. भाच्याच्या कॅननवरही आयएसओ ऑटोच होता, पण त्याचा प्रत्येक फोटो ४०० वर! चेहरे छान आले, मांडव मात्र काळाकुट्ट. एकाच मांडवात दोन कॅमेरे असे वेगळे का वागले? आणि पुढच्या लग्नात ऑटो ठेवू की नको?
— एक वाचक, वारासिवनी (जि. बालाघाट)

उत्तर : दोन्ही कॅमेरे ठीक आहेत. तुम्ही त्यांना एक प्रश्न अर्धाच विचारलात आणि दोघांनी तो आपापल्या परीने पुरा करून घेतला.

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दोन उजेड असतात. एक मांडवातल्या बल्बचा, तो सतत आहे. दुसरा फ्लॅशचा, तो पूर्ण ताकदीलाही साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो. म्हणून शटर १/६० वर असो की १/२०० वर, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. बल्बच्या उजेडात पडतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्ही उजेडांना सारखेच लागू होतात. मग आयएसओ ठरवताना कॅमेऱ्याने बघायचं कोणत्या उजेडाकडे? तुम्ही ‘ऑटो’ म्हणालात, पण हे सांगितलं नाहीत.

कॅननच्या अनेक डीएसएलआर मॉडेल्समध्ये याचं उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं आहे : फ्लॅश लागला की मुख्य उजेड तोच, आयएसओ ४०० पुरे. उन्हात फोटो फार उजळ होणार असेल तर ती मॉडेल्स ४०० च्या खाली येतात, हा अपवाद लक्षात ठेवा. निकॉनची नंतरची अनेक मॉडेल्स बल्बकडे बघतात. मांडव दिसेपर्यंत आयएसओ चढवत नेतात आणि फ्लॅशला जोडीला घेतात. भाच्याला चेहरे मिळाले, तुम्हाला मांडव मिळाला. दोन्ही एका फोटोत हवे असतील तर निर्णय तुमच्याच हातात घ्यावा लागेल.

ही गुंतागुंत फिल्मच्या काळात नव्हती. रोल भरला की त्याचा आयएसओ शेवटच्या फोटोपर्यंत तोच. ऑलिंपसच्या ओएम-२ ने १९७५ मध्ये फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश वेळेवर तोडायची सोय आणली, तेव्हा त्या हिशेबात आयएसओ पक्का होता, फक्त फ्लॅश कमी-जास्त व्हायचा. डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोला आयएसओ बदलता येऊ लागला आणि एकाच फोटोचा उजेड जुळवायला दोन स्वयंचलित यंत्रणा लागल्या.

आता नवरीचा चेहरा का जळाला ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे. फ्लॅशला जशी वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. बऱ्याच फ्लॅशची सर्वात कमी ताकद पूर्ण ताकदीच्या १/१२८ असते. आयएसओ १०० ला ४० मीटर गाइड नंबर असलेला फ्लॅश धरा. ६४०० ला तो आठपट, म्हणजे ३२० होतो. ताकद १/१२८ वर आणली तरी सुमारे २८ उरतो. त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की अंतर मिळतं. एफ ४ ला उत्तर सात मीटर. म्हणजे फ्लॅश अगदी कमीत कमी ताकदीने मारला तरी तो सात मीटरवरच्या माणसाला पुरतो आणि नवरी असते दोन मीटरवर. टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवणारी यंत्रणा, तरी काय करणार? त्याला आणखी खाली जायला जागाच नव्हती.

हाच हिशेब योग्य प्रमाणात तुमच्या फायद्याचा आहे. आयएसओ १०० वरून ४०० केला की त्याच फोटोला फ्लॅशची पाव ताकद पुरते. सेल जास्त टिकतात आणि फ्लॅश पुन्हा लवकर तयार होतो. अक्षता उडत असताना फ्लॅश तयार नसेल तर तो क्षण गेलाच. कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण १२ असतो. एफ ४ ला तो आयएसओ १०० वर तीन मीटर पोचतो, ४०० वर सहा. म्हणून मांडवात १०० वर अडून बसण्यातही शहाणपण नाही.

तर माझं स्पष्ट मत : रात्रीच्या मांडवात ऑटो आयएसओ बंद करा, फ्लॅश टीटीएलवर राहू द्या. मोड एम. हळद सुरू व्हायच्या आधीच फ्लॅश बंद ठेवून रिकाम्या मांडवाचा एक फोटो काढा. शटर १/१००, अ‍ॅपर्चर एफ ४, आयएसओ ८००. मांडव थोडा अंधारा पण ओळखू येईल असा दिसला की झालं. फारच काळा असेल तर १६०० करा. मग फ्लॅश लावा आणि आकडे हलवू नका. पुढचं-मागचं अंतर फ्लॅश सांभाळून घेईल. वरातीत नाचणारे असतील तर शटर १/१६० पर्यंत न्या, नाहीतर बल्बच्या उजेडात हातापायांच्या रेघा उमटतात.

अंतरपाटाच्या वेळी एक काळजी घ्या. पांढरं कापड चौकटीत भरलं की फ्लॅशची आधीची मोजणी त्यालाच बघते, ‘उजेड पुष्कळ आहे’ असं समजते आणि नवरा-नवरी अंधारात जातात. तेवढ्या फोटोंपुरतं फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक १ करा आणि नंतर आठवणीने शून्यावर आणा. मांडवाला वर लाल-पिवळं कापड असेल तर फ्लॅश वर वळवून मारू नका, चेहऱ्यांवर तोच रंग उतरतो. बल्ब पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल लावा आणि व्हाइट बॅलन्स बल्बचा ठेवा. मागचं आणि पुढचं एका रंगात येतं.

ऑटोच हवा असेल तर मेनू उघडून बघा. निकॉनच्या डी५००, डी८५० सारख्या मॉडेल्समध्ये फ्लॅश असतानाची आयएसओची वरची मर्यादा वेगळी ठरवता येते. ती ८०० किंवा १६०० करून ठेवा. दिवसा, उन्हात सावलीतले चेहरे उजळायला फ्लॅश मारत असाल तर ऑटोने बिघडत नाही, आयएसओ तळालाच राहतो.

प्रश्न : मुक्की गेटमधून कान्हात जातो. पहाटे उजेड फार कमी असतो. तिथे फ्लॅश आणि ऑटो आयएसओची सांगड कशी घालायची?
— एक वाचक, बैहर

उत्तर : घालायचीच नाही. जंगलात फ्लॅश बंद. वाघाच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून तो अंधुक उजेडात पाहू शकतो. तेच डोळे जवळून मारलेल्या फ्लॅशने दिपतात. बारशिंग्याचा कळप बिथरला तर तुमच्या मागच्या जिप्सीतल्यांनाही तो दिसत नाही. ऑटो आयएसओ मात्र इथे खरा कामाचा आहे, कारण उजेड एकच आणि तो मिनिटागणिक बदलतो. एम मोड, शटर १/५००, लेन्सचं सर्वात मोठं अ‍ॅपर्चर, आयएसओची मर्यादा ६४००. प्राणी स्थिर उभा असेल तर शटर १/२०० वर आणा. कॅमेऱ्यात वर उघडणारा फ्लॅश असेल तर पूर्ण ऑटो मोड वापरू नका, कमी उजेडात तो आपोआप उघडतो. गेटवर गाडी थांबली की एकदा तपासून घ्या.