राखेच्या सिमेंटात वाचतं किती?

‘स्लॅबला ओपीसी ५३च आणा, पीपीसीत राख असते,’ असं मिस्त्री सांगतो आणि घरमालक घाबरून महाग गोणी उचलतो. राख असते हे खरं. कोराडी, चंद्रपूर, परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातून पकडलेली ही फ्लाय ॲश पीपीसीत १५ ते ३५ टक्के असते. पण ती भेसळ नव्हे. सिमेंट पाण्यात मुरताना चुना सुटतो, राख त्या चुन्याशी सावकाश जुळते आणि काँक्रीटची बारीक छिद्रं बुजवते. गळतीला कंटाळलेल्यांनी तर हे सिमेंट आवर्जून घ्यावं.

हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० गोण्या लागतात. गोणीमागे ३० रुपयांचा फरक धरला तर १२,००० रुपये वाचतात. भाव गावागणिक बदलतो, म्हणून दोन्ही गोण्यांचा भाव एकाच दिवशी, पोच आणि हमालीसह लिहून घ्या. सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेही बिलात तपासा.

आता खर्चाची बाजू. भारतीय मानकांनुसार तीन दिवसांत ओपीसी ५३ची ताकद किमान २७ मेगापास्कल भरावी लागते, पीपीसीची १६. म्हणजे सुरुवातीला हे सिमेंट मंद चालतं. साध्या सिमेंटला, म्हणजे ओपीसीला, किमान ७ दिवस पाणी मारतात. याला किमान १०, आणि १४ दिवस मारलं तर उत्तम. स्लॅबवर मसाल्याची आळी करून पाणी साठवा आणि संध्याकाळी स्वतः वर चढून बघा. कोपऱ्यातलं आळं फुटून स्लॅब पांढरा पडला असेल, तर वाचवलेले पैसे तिथेच चालले आहेत. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअरला विचारा. सेंट्रिंगचं जादा दिवसांचं भाडं आणि टँकर या १२,०००मधून वजा करा. उरेल ती खरी बचत.

किनाऱ्यावर बांधत असाल तर पोलाद कारखान्याच्या स्लॅगचं सिमेंट, म्हणजे पीएससी, मागा. खाऱ्या हवेत सळईला ते जास्त जपतं. पाणी मारण्याचा नियम तोच.

एक मात्र अजिबात चालवून घेऊ नका: साइटवर ट्रॉलीने आलेली सुटी राख. चिमटीत घेऊन चोळा. चांगली फ्लाय ॲश पिठासारखी लागते. राखेच्या तळ्यातली ओली राख बोटांना खरखरते, तिच्यात काळे कण दिसतात. ती भरावाला ठीक, सिमेंटच्या जागी नाही. पीपीसीत वरून चांगली राखसुद्धा मिसळू देऊ नका, कारण कारखान्याने तिचा वाटा आधीच घातलेला असतो. तो टक्का गोणीवर छापलेला असतो, शेजारी उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी दुकानातच परत करा.